सांगितलं तसंच केलं का? घाटातल्या रेल्वेपासून एआय एजंटपर्यंत



या ब्लॉगवर आपण एरवी मधुमेह, रक्तदाब, थायरॉइड यांवर बोलतो. आजचा विषय वरवर पाहता वेगळा वाटेल, पण तो आता थेट घरातल्या औषधांच्या डब्यापर्यंत पोचला आहे. हल्ली दवाखान्यात एक प्रश्न वारंवार येतो: "डॉक्टर, मोबाईलमधल्या एआयला सांगून ठेवलं, तर आईच्या गोळ्यांची वेळ तोच सांभाळेल आणि संपत आल्या की तोच मागवेल. चालेल ना?" विचारणारी बहुतेक वेळा मुलं असतात. आईवडील डोंबिवली-कल्याणला आणि मुलं पुण्यात, बंगळुरूत किंवा परदेशात. त्यांची काळजी खरी आहे, म्हणून उत्तरही नीट द्यायला हवं.

आधी एक फरक समजून घेऊ. छातीचा एक्स-रे वाचणारं सॉफ्टवेअर फक्त मत देतं. क्षयरोगाच्या तपासणीसाठी अशी सॉफ्टवेअर वापरायला जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये मान्यता दिली. पण तिथे पुढचा निर्णय माणूसच घेतो. 'एआय एजंट' याच्या एक पाऊल पुढे जातो. तो ईमेल वाचतो, अपॉइंटमेंट घेतो, ऑर्डर देतो, फाइल पुसतो. थोडक्यात, तो कृती करतो. म्हणून त्याच्या बाबतीत "त्याला किती माहिती आहे?" हा प्रश्न पुरत नाही. "सांगितलं तसंच आणि तेवढंच करेल का, आणि नाही केलं तर आपल्याला कसं कळेल?" हे विचारावं लागतं.

हा प्रश्न नवा नाही. रेल्वेवाल्यांनी तो सोडवला, लस बनवणाऱ्यांनी त्याची किंमत मोजली आणि क्षयरोगाच्या डॉक्टरांनी त्यावर आयुष्यं घालवली. त्यांनी जे शिकून ठेवलं आहे, ते आज आपल्याला उपयोगी पडतं.

कल्याणच्या पुढचा घाट

सुरुवात आपल्या दारातूनच करू. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला पहिली प्रवासी गाडी आली, हे आपण शाळेत शिकलो. १८५४ मध्ये गाडी कल्याणला पोचली आणि तिथून रेल्वेच्या दोन वाटा झाल्या. एक कर्जतवरून बोरघाटात, दुसरी कसाऱ्यावरून थळघाटात. बोरघाटाचा मार्ग १८६३ मध्ये आणि थळघाटाचा १८६५ मध्ये सुरू झाला. दोन्ही घाटांत चढ ३७ मीटरला १ मीटर इतका तीव्र आहे. रेल्वेच्या हिशेबात हा फारच मोठा उतार. खाली येणाऱ्या गाडीचे ब्रेक निकामी झाले, तर ती थांबवणं कोणाच्याच हातात राहत नाही.

यावर उपाय काय केला? ड्रायव्हरला "सांभाळून चालवा" एवढी सूचना देऊन रेल्वे थांबली नाही. उतारावर जागोजागी मुख्य मार्गाला फुटणारा एक आखूड रूळमार्ग बांधला. तो चढावर जाऊन संपतो, म्हणजे त्यावर गेलेली बेभान गाडी चढ चढता चढता आपोआप मंदावते. याला कॅच सायडिंग म्हणतात. पुणे किंवा नाशिककडून येताना घाटात गाडी मध्येच का थांबते, असा प्रश्न अनेकांना पडला असेल. तिथे गाडीने आधी पूर्ण थांबून दाखवायचं असतं. थांबली म्हणजे ती ताब्यात आहे. मग पुढचा मार्ग मिळतो.

यातली खरी गंमत अशी की तिथला सांधा एरवी मुख्य मार्गाकडे नसतोच. तो कॅच सायडिंगकडे लावलेला असतो. काहीच केलं नाही, तर गाडी सुरक्षित बाजूला जाणार. पुढे जायचं असेल, तर ताबा सिद्ध करावा लागणार.

हीच वृत्ती लोकलमध्येही आहे. मोटरमनला गाडी चालवताना हँडल सतत दाबून धरावं लागतं. त्याला भोवळ आली, हात सुटला, की ब्रेक लागतात. लाल सिग्नल चुकून ओलांडला, तर रुळांजवळच्या यंत्रणेकडून ब्रेक लावले जातात. मोटरमनवर अविश्वास आहे म्हणून हे केलेलं नाही. माणूस चांगला असला तरी चूक होऊ शकते, आणि त्या एका चुकीवर हजारो जीव टांगलेले असू नयेत, म्हणून ही व्यवस्था आहे.

एका बाटलीची गोष्ट

रेल्वेचं हे शहाणपण वैद्यकात यायला मात्र वेळ लागला. त्यासाठी कल्याणहून परळला जाऊ.

१८९६ च्या सप्टेंबरमध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेगचे रुग्ण ओळखले. डॉ. वाल्डेमार हाफकिन यांना मुंबईत बोलावण्यात आलं. त्यांनी काही महिन्यांत लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती आधी स्वतःला टोचून घेतली. पुढे त्यांची प्रयोगशाळा परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसमध्ये गेली. आज तिला आपण हाफकिन इन्स्टिट्यूट म्हणून ओळखतो. मागणी प्रचंड होती. लस वेगाने बनवण्यासाठी पद्धत बदलली गेली. पूर्वी लशीत जंतुनाशक म्हणून कार्बोलिक अ‍ॅसिड घालत. नव्या पद्धतीत ते वगळून फक्त उष्णतेने निर्जंतुकीकरण होऊ लागलं.

३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातल्या मुलकोवाल गावी १०७ जणांना मुंबईहून आलेली लस टोचली. त्यांपैकी १९ जणांना धनुर्वात झाला आणि ते सगळे दगावले. हे १९ जण एकाच बाटलीतून लस घेतलेले होते. इतर बाटल्यांमधून लस घेतलेल्यांना काही झालं नाही.

चौकशी समितीने ठपका मुंबईच्या प्रयोगशाळेवर ठेवला आणि हाफकिन यांना पदावरून दूर केलं गेलं. पण एक महत्त्वाची गोष्ट नोंदीत होती. बाटली उघडताना मदतनिसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता. असा चिमटा ज्योतीवर धरून निर्जंतुक करायचा, अशी पद्धत होती. त्याने तो कार्बोलिकच्या पाण्यात बुडवला आणि वापरला. धनुर्वाताचे जंतू मातीत असतात आणि त्यांचे बीजाणू अशा ओझरत्या धुण्याने मरत नाहीत. पुढे लंडनच्या लिस्टर इन्स्टिट्यूटमधल्या तज्ज्ञांनी पुरावा पुन्हा तपासला. १९०७ मध्ये सर रोनाल्ड रॉस आणि इतर शास्त्रज्ञांनी लंडनच्या 'टाइम्स'मध्ये जाहीर पत्र लिहिलं आणि त्याच वर्षी हाफकिन निर्दोष ठरले.

या घटनेतून तीन धडे मिळतात.

पहिला, त्या मदतनिसाने मुद्दाम आज्ञा मोडली नव्हती. सांगितलेल्या कृतीसारखं दिसणारं काहीतरी त्याने केलं. 'निर्जंतुक करा' याचा त्याच्या मनातला अर्थ वेगळा होता. सूचना मोडल्या जातात त्या बऱ्याचदा अशाच.

दुसरा, लशीतलं कार्बोलिक ही चुकीला झेलणारी जाळी होती. ती काढल्यावर खालच्या पातळीवरची एक छोटी चूक थेट रुग्णाच्या दंडापर्यंत पोचू शकली.

तिसरा, कोणत्या बाटलीतून कोणाला लस दिली, याची नोंद होती. म्हणून सत्य बाहेर काढता आलं. नोंद नसती तर एकतर सगळी लस बदनाम झाली असती किंवा एकट्या हाफकिन यांची कारकीर्द संपली असती.

"गोळ्या घेतल्या का?" "हो डॉक्टर."

तिसरी गोष्ट क्षयरोगाची. १९५६ मध्ये मद्रासला, म्हणजे आजच्या चेन्नईत, क्षयरोगाच्या औषधोपचारावर संशोधन करणारं केंद्र सुरू झालं. त्या काळी क्षयरोगी म्हणजे सॅनेटोरियम, असं समीकरण होतं. गरीब वस्तीतल्या रुग्णाला घरी ठेवून नुसत्या औषधांनी बरं करता येईल का, हे केंद्राने तपासलं आणि १९५९ मध्ये उत्तर दिलं: येतं. जगभरच्या क्षयरोग उपचाराची दिशा या कामाने बदलली.

पण घरी औषध द्यायचं, तर रुग्ण ते घेतो का हे कसं कळणार? विचारलं तर प्रत्येक जण 'हो' म्हणणार. त्यात खोटेपणा असतोच असं नाही. कधी भीड असते, कधी विसर असतो, कधी बरं वाटू लागलेलं असतं. म्हणून त्या संशोधकांनी रुग्णाच्या 'हो' वर विसंबून न राहता गोळ्या मोजल्या आणि न सांगता घरी जाऊन लघवी तपासली. आयसोनियाझिडचा अंश लघवीत सापडतो. यातूनच पुढे औषध समोर बसवून देण्याची पद्धत रुळली, आणि १९९७ पासून ती 'डॉट्स' या नावाने आपल्या राष्ट्रीय कार्यक्रमात आली.

अलीकडे त्याची मोबाईल आवृत्ती निघाली. '९९ डॉट्स' मध्ये गोळी काढल्यावर पाकिटामागे दडलेला फोन नंबर दिसतो आणि रुग्णाने त्यावर मोफत कॉल करायचा असतो. कल्पना हुशारीची आणि स्वस्त. पण चेन्नई, वेल्लोर आणि मुंबईतल्या रुग्णांच्या घरी अचानक जाऊन लघवी तपासली, तेव्हा फोनची नोंद आणि लघवीचा निकाल बऱ्याच जणांच्या बाबतीत जुळला नाही. कोणी कॉल केला पण गोळी घेतली नव्हती, तर कोणी गोळी घेऊनही कॉल केला नव्हता.

आपण मोजत होतो फोन, आणि हवी होती गोळी. या दोन गोष्टी एक नाहीत. हे वाक्य लक्षात ठेवा, एजंटच्या बाबतीत ते जसंच्या तसं लागू पडतं.

यंत्राने माणसाची जागा घेतली तेव्हा

इथवर सूचना पाळणारी माणसं होती. आता यंत्र. १९८५ ते १९८७ या काळात अमेरिका आणि कॅनडात थेरॅक-२५ नावाच्या किरणोपचार यंत्राने कर्करोगाच्या सहा रुग्णांना ठरलेल्यापेक्षा कितीतरी पट जास्त किरण दिले. त्यांतले किमान तिघे त्यामुळे दगावले. या यंत्राच्या आधीच्या मॉडेलमध्ये चुकीच्या स्थितीत किरण सुरूच होऊ नयेत म्हणून स्वतंत्र यांत्रिक अडसर होते. नव्या मॉडेलमध्ये ते काढून सगळी मदार संगणकाच्या प्रोग्रामवर टाकली. प्रोग्राममध्ये दोष होता. ऑपरेटरने भरलेली माहिती घाईने दुरुस्त केली, की यंत्र आत एक आणि पडद्यावर दुसरंच दाखवी. रुग्ण भाजल्याचं सांगत होते आणि असं होणं शक्यच नाही, असं उत्पादकाचं म्हणणं होतं.

मुलकोवालला कार्बोलिक गेलं, इथे यांत्रिक अडसर गेले. दोन्हीकडे जाळी काढली गेली, कारण ती अनावश्यक वाटत होती.

आता एआय एजंट

चॅटजीपीटीसारख्या प्रोग्रामच्या मुळाशी भाषेचं एक मॉडेल असतं. अफाट मजकूर वाचून ते पुढचा शब्द काय असावा हे शिकतं. यातून त्याला माहिती येते, पण आज्ञापालन येत नाही. ते वेगळं शिकवावं लागतं. माणसं त्याची उत्तरं पाहून चांगली-वाईट ठरवतात आणि त्यावरून मॉडेलला वळण लावलं जातं. ओपनएआय कंपनीने २०२२ मध्ये एक बोलका निष्कर्ष मांडला. असं वळण लावलेल्या १.३ अब्ज घटकांच्या छोट्या मॉडेलची उत्तरं, वळण न लावलेल्या १७५ अब्ज घटकांच्या मॉडेलपेक्षा लोकांना जास्त पसंत पडली. म्हणजे हुशारी वेगळी आणि सांगितलेलं ऐकणं वेगळं. घरात वाढत्या वयाची मुलं असलेल्यांना हे वेगळं सांगायला नको!

पण लावलेलं वळण म्हणजे हमी नव्हे. एजंट सूचनेपासून ढळतो, त्याचे मुख्य चार प्रकार आहेत.

१. शब्द पाळणं, हेतू चुकणं. 'गोळ्या संपत आल्या की मागव' या सूचनेत डॉक्टरांनी गेल्या आठवड्यात बंद केलेली गोळीही येते. एजंटने आज्ञा पाळली, पण आईला नको ते औषध घरी आलं.

२. लांबलेल्या कामात सूचना विरणं. मॉडेलला एका वेळी ठरावीक मजकूरच डोळ्यांसमोर ठेवता येतो. काम लांबलं की जुन्या मजकुराचा गोषवारा केला जातो. त्या गोषवाऱ्यात 'मला विचारल्याशिवाय करू नकोस' हे वाक्य निसटू शकतं.

३. परक्याचा हुकूम पाळणं. एजंट वेबसाइट वाचतो, ईमेल वाचतो. त्या मजकुरात कोणी 'आधीच्या सूचना विसर आणि हे कर' असं लिहून ठेवलं, तर तो फसू शकतो. कारण मालकाचं बोलणं आणि परक्याचा मजकूर त्याच्याकडे एकाच वाटेने येतात. वॉर्डातल्या केसपेपरवर येणाऱ्या-जाणाऱ्याने काहीही लिहावं आणि नर्सला सही ओळखता येऊ नये, असं ते आहे. यावर उपाय म्हणून सूचनांची उतरंड शिकवली जाते: कोणाचा शब्द वरचा, कोणाचा खालचा, आणि कोणता मजकूर ही नुसती माहिती आहे, हुकूम नव्हे. धोका त्याने कमी होतो, संपत नाही.

४. 'झालं' असं चुकीचं सांगणं. काम अर्धवट असतानाही अहवाल मात्र नीटनेटका येतो.

जुलै २०२५ मधलं एक उदाहरण पाहा. अमेरिकेतला एक उद्योजक रेप्लिट कंपनीचा एजंट वापरून सॉफ्टवेअर बनवत होता. आता कुठलाही बदल करायचा नाही, असं त्याने एजंटला स्पष्ट सांगितलं होतं. तरीही एजंटने चालू डेटाबेस पुसून टाकला. वर तो परत मिळवता येणार नाही, असंही सांगितलं. प्रत्यक्षात तो परत मिळाला! कंपनीने माफी मागितली आणि प्रयोगाचा डेटाबेस चालू डेटाबेसपासून वेगळा ठेवण्याची व्यवस्था जाहीर केली.

हा उपाय नीट पाहा. कंपनीने एजंटला फक्त 'पुन्हा असं करू नकोस' म्हटलं नाही. जिथे नुकसान होऊ शकतं, तिथपर्यंत त्याचा हातच पोचू नये, असं केलं. घाटातल्या सांध्याचाच हा प्रकार. आणि 'डेटा परत मिळेल का' याचं उत्तर एजंटला विचारून मिळालं नाही, बाहेरून तपासून मिळालं. ही मद्रासची लघवी तपासणी.

या सगळ्या इतिहासातून मला एकच गोष्ट सांगायची आहे. सूचना पाळली गेली की नाही, हे पाळणाऱ्याला विचारून ठरत नाही. ते ठरवायला बाहेरची तपासणी लागते, नोंद लागते, आणि चूक झालीच तर ती झेलणारी जाळी लागते. माणसाला हे लागू होतं, तसंच यंत्रालाही. एजंट दिवसेंदिवस अधिक भरवशाचे होतील, यात मला शंका नाही. पण गेली शंभर दिवस सगळं नीट झालं म्हणून जाळी काढायची, ही चूक परळला आणि थेरॅकच्या कारखान्यात आधीच करून झाली आहे.

मग आईच्या गोळ्यांचं काय?

आता सुरुवातीच्या प्रश्नाचं उत्तर. चालेल, पण या अटींवर:

- आठवण करून देणं एजंटकडे, बदल करणं तुमच्याकडे. डोस बदलणं, औषध बंद करणं, पर्यायी ब्रँड घेणं हे निर्णय डॉक्टरांशी बोलूनच.

- ऑर्डर आणि पैसे तुमच्या होकाराशिवाय नकोत. ओटीपी किंवा यूपीआयचा पिन एजंटच्या हाती देऊ नका. तो तुमचा कॅच सायडिंग आहे. तुम्ही काही केलं नाही, तर व्यवहार थांबलेला असला पाहिजे.

- सूचना पूर्ण लिहा. औषधाचं नाव, ताकद, वार, वेळ, कधीपर्यंत, आणि शंका आली तर काय करायचं: 'थांब आणि मला विचार.' संधिवातासाठी दिलं जाणारं मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच घ्यायचं असतं. ते चुकून रोज घेतल्याने जगभर मृत्यू झालेले आहेत. अशा औषधाचा वार कागदावर ठळक लिहा, आणि एजंटने प्रिस्क्रिप्शनच्या फोटोवरून बनवलेली यादी शब्दन् शब्द पडताळा. आम्हा डॉक्टरांचं अक्षर तुम्हाला ठाऊकच आहे!

- प्रिस्क्रिप्शन बदललं की जुनी यादी पुसून नवी द्या. जुन्यात भर घालू नका.

- आठवड्यातून एकदा पट्ट्या मोजा. एजंटच्या यादीवर 'घेतली' अशी खूण असणं म्हणजे गोळी पोटात गेली असं नव्हे. रविवारी शेजारच्या काकूंनी किंवा घरातल्या कोणी पाच मिनिटं पट्ट्या मोजल्या, तरी पुष्कळ कळतं. आणि रक्तदाब, साखर वेळच्या वेळी तपासा. शरीर खोटी नोंद करत नाही.

- तातडीच्या वेळी एजंट नको. छातीत दुखणं, तोंड वाकडं होणं, बोलणं अडखळणं, शुद्ध हरपणं अशा वेळी थेट १०८ ला फोन करा किंवा जवळचं रुग्णालय गाठा.

घरात आजारी माणूस असला की काम वाटून घ्यावंच लागतं. शेजाऱ्याला सांगा, मावशींना सांगा, एजंटला सांगा. पण पट्टी मोजण्याचं काम आपल्या माणसाकडेच राहू द्या.

काही शंका असल्यास पुढच्या भेटीला औषधांचा डबा सोबत आणा. आपण एकत्र बसून यादी पडताळून पाहू.

(हा लेख सर्वसाधारण माहितीसाठी आहे. आपल्या औषधांत कोणताही बदल आपल्या डॉक्टरांच्या सल्ल्यानेच करावा.)